रक्ताच्या गुठळ्या आणि रक्तवाहिन्यांतले अडथळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुठळी झाली असं कळलं की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "केवढी आहे?" त्याआधी विचारायला हवं, "कुठे आहे, धमनीत की शिरेत?" धमनी हृदयाकडून रक्त नेते, शीर ते परत आणते. लक्षणं, औषध, ते किती दिवस घ्यायचं, हाताशी किती वेळ आहे, हे सगळं या एका फरकावर ठरतं. खालची उत्तरं वाचताना तो लक्षात ठेवा.

छातीत दाब येऊन घाम फुटलाय, अचानक धाप लागलीय, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय किंवा एखादा हात अथवा पाय एकाएकी पांढरा आणि थंड पडलाय, असं आत्ता घडत असेल तर वाचत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा.

ब्लॉकेज आणि गुठळी एकच ना?

नाही. ब्लॉकेज म्हणजे धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साचलेला थर. त्यात कोलेस्टेरॉल असतं, दाहाच्या पेशी असतात, तंतू असतात आणि पुढे पुढे कॅल्शियमही जमतं. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. नळाच्या आतून गाळ चिकटावा तसा तो चिकटलेला नसतो. तो अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत असतो, कातडीखाली गळू असावं तसा, आणि त्याच्यावर तंतूंची टोपी असते. म्हणून काहीतरी पिऊन तो धुऊन निघत नाही.

गुठळी मात्र मिनिटांत तयार होते. प्लाकवरची टोपी फाटली की आतला माल वाहत्या रक्ताला लागतो. शरीराला वाटतं जखम झाली. प्लेटलेट तिथे जाऊन चिकटतात आणि आतापर्यंत अर्धी उघडी असलेली धमनी पूर्ण बंद होते. हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा असाच येतो.

शिरांमध्ये सहसा असा थर साचत नाही. तिथली गुठळी रेंगाळणाऱ्या रक्तात जमते. फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि त्यात तांबड्या पेशी अडकतात. म्हणून धमनीच्या आजारात मुख्यतः प्लेटलेटला आवरणारी औषधं देतात (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल) आणि शिरेतल्या गुठळीला फायब्रिनचं जाळं रोखणारी (हेपॅरिन, वॉरफेरिन, रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन). लोक दोन्हींना "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतात आणि इथेच घोळ होतो. पायातल्या शिरेत गुठळी असताना घरात पडलेली ॲस्पिरिन घेऊन भागत नाही.

रक्त आतल्या आत गोठतंच का?

रुडॉल्फ विर्चो या जर्मन डॉक्टरांनी १८५६ मध्ये या विषयावर सविस्तर लिहिलं. त्यांच्या नावाने आजही तीन कारणं शिकवली जातात: रक्ताचा वेग मंदावणं, वाहिनीच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची ओढ वाढणं.

खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं की तिन्ही एकदम घडतात, म्हणून त्यानंतर गुठळी टाळायचं औषध काही वेळा ३५ दिवसांपर्यंत चालू ठेवतात. पायाला प्लास्टर, तीन किंवा जास्त दिवस अंथरुणाला खिळणं, कॅन्सर आणि त्याची औषधं, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, गरोदरपण, लठ्ठपणा, आधी एकदा झालेली गुठळी आणि आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला झालेली गुठळी ही बाकीची मोठी कारणं. काही वेळा शोधूनही कारण सापडत नाही. तो प्रकार वेगळा मोजतात, कारण त्याचे उपचार लांबतात.

पोटरी दुखतेय आणि सुजलीय. गुठळीच आहे हे कसं ओळखायचं?

नुसतं बघून पक्कं ओळखता येत नाही, अनुभवी डॉक्टरांनाही नाही. शंका बळावणाऱ्या गोष्टी मात्र ठरलेल्या आहेत. एकाच पायाला सूज, पोटरीत आतून दुखणं, तो पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागणं, रंग लालसर किंवा जांभळट होणं, दाबल्यावर खळगा राहणं.

सूज डोळ्यांनी जोखण्यापेक्षा टेपने मोजा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावर एक उंचवटा हाताला लागतो. तिथून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो खरा फरक. डॉक्टर शंकेचे गुण मोजताना हेच माप धरतात.

डाव्या पायात गुठळी जास्त वेळा होते. पोटात डाव्या पायाची मोठी शीर उजव्या पायाच्या धमनीखालून जाते आणि थोडी दबते.

पाऊल वर ओढल्यावर पोटरीत कळ आली तर गुठळी, अशी एक जुनी चाचणी बरेच जण घरी करून बघतात. ती भरवशाची नाही. स्नायू ताणला असला तरी कळ येते आणि गुठळी असूनही येत नाही. गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटली किंवा त्वचेला जंतुसंसर्ग झाला तरी पाय असाच दिसतो. निर्णय लागतो तो सोनोग्राफीवर. तपासणारे डॉक्टर प्रोबने शीर दाबतात. निरोगी शीर दाबली की पूर्ण मिटते, आत गुठळी असेल तर मिटत नाही. ही तपासणी त्याच दिवशी व्हावी. ती लांबणार असेल तर डॉक्टर आधी औषध सुरू करून मग तपासणी करतात आणि तेच बरोबर आहे.

पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली पण शंका दाट असेल तर ५ ते ७ दिवसांनी ती पुन्हा करावी लागते. पोटरीतली छोटी गुठळी तेवढ्या काळात मांडीकडे सरकू शकते.

तोवर पाय चोळून घेतला तर?

नको. मालिश, दाबणं, जोरात शेकणं, सगळं थांबवा. सैल गुठळीचा तुकडा सुटला तर तो हृदयातून थेट फुप्फुसात जातो.

डी-डायमर वाढलंय. म्हणजे गुठळी आहेच का?

डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारे फायब्रिनचे तुकडे मोजणारी रक्ततपासणी. तिचा खरा उपयोग उलट दिशेने आहे. शंका कमी असेल आणि डी-डायमर नॉर्मल असेल तर गुठळी जवळजवळ नाहीच असं म्हणता येतं. वाढलेलं असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ऑपरेशन, ताप, जंतुसंसर्ग, गरोदरपण, कॅन्सर, मार लागणं, नुसतं वय, या सगळ्यांत ते वाढतं. म्हणून "सगळंच तपासून टाकू" म्हणून डी-डायमर करू नये. त्यातून फुकटची धास्ती आणि नको असलेले स्कॅन मागे लागतात.

रिपोर्ट वाचताना एकक नक्की बघा. एफईयू एककात मर्यादा सहसा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असते. डीडीयू एककात तीच साधारण २५० च्या आसपास येते. वयाच्या पन्नाशीनंतर एफईयूसाठी वय गुणिले १० हा हिशेब धरतात. ७० वर्षांच्या माणसाला ७०० पर्यंत चालतं.

गुठळी फुप्फुसात गेली तर कसं कळेल?

अचानक लागलेली धाप हे सर्वांत महत्त्वाचं लक्षण. खोल श्वास घेताना टोचल्यासारखं छातीत दुखणं, नाडी जलद होणं, थुंकीतून रक्त येणं किंवा उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळणं हीसुद्धा लक्षणं आहेत. पायाला सूज नसली तरी हे होऊ शकतं.

दोन गोष्टींमुळे निदान हुकतं. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन चांगला दिसतो म्हणून निश्चिंत होणं ही पहिली, छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून घरी जाणं ही दुसरी. फुप्फुसात गुठळी असताना दोन्ही नॉर्मल असू शकतात. निदान होतं शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटी अँजिओग्राफीवर. रंगद्रव्य चालत नसेल तर व्हेंटिलेशन-परफ्युजन स्कॅनवर.

बहुतेकांना साध्या गुठळीविरोधी औषधाने बरं वाटतं. गुठळी विरघळवणारं जोरदार इंजेक्शन रक्तदाब कोसळला, म्हणजे वरचा आकडा ९० च्या खाली गेला, तर देतात. त्यात मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून सगळ्यांना देत नाहीत.

तीन महिने नीट औषध घेऊनही जिना चढताना धाप तशीच राहिली असेल तर "अशक्तपणा असेल" म्हणून सोडू नका. जुनी गुठळी फुप्फुसाच्या धमन्यांत घट्ट बसून दाब वाढवते, असा एक आजार आहे. इको आणि फुप्फुसाचा स्कॅन करून तो शोधता येतो आणि त्यावर उपचार आहेत.

या गोळ्यांनी गुठळी विरघळते का?

गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत आणि रक्त पातळही करत नाहीत. त्या नवी गुठळी बनू देत नाहीत आणि असलेली वाढू देत नाहीत. जुनी गुठळी शरीर स्वतः प्लाझ्मिन नावाच्या द्रव्याने हळूहळू खातं. त्याला आठवडे-महिने लागतात आणि काही वेळा शिरेत व्रण राहतोच. म्हणून दहा दिवसांनी सूज उतरली तरी काम संपलेलं नसतं. या टप्प्यावर गोळी मनाने बंद करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

कोणती गोळी, किती आणि किती दिवस?

डोस डॉक्टरच ठरवतात, पण चिठ्ठीवर काय लिहिलंय ते कळलं पाहिजे, कारण या गोळ्यांचा डोस मध्येच बदलतो.

रिव्हारोक्साबॅन पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग २० मिलिग्रॅम एकदा. या दोन्ही ताकदीच्या गोळ्या भरल्या पोटीच घ्यायच्या. २० मिलिग्रॅमची गोळी उपाशीपोटी घेतली तर साधारण एक तृतीयांश औषध अंगी लागत नाही. एपिक्साबॅन पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दोनदा, मग ५ मिलिग्रॅम दोनदा. त्याला जेवणाची अट नाही. डाबिगाट्रान आणि एडोक्साबॅन यांच्याआधी निदान ५ दिवस हेपॅरिनची इंजेक्शनं लागतात. डाबिगाट्रानची कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही आणि मूळ वेष्टनातून काढून गोळ्यांच्या डबीत ठेवायची नाही, कारण ओल लागली की ती बिघडते.

सर्वांत जास्त चुका २२व्या दिवशी आणि ८व्या दिवशी होतात. कुणी मोठा डोस तसाच चालू ठेवतं, कुणी पाकीट संपलं म्हणून थांबतं. औषध सुरू होतानाच कॅलेंडरवर ती तारीख लिहून ठेवा.

मुदत निदान ३ महिने. ऑपरेशनसारखं ठळक आणि संपलेलं कारण असेल तर तेवढ्यात भागतं. कारण सापडलं नसेल तर हिशेब बदलतो. औषध थांबवल्यावर पहिल्या वर्षात साधारण १० पैकी एकाला आणि ५ वर्षांत चौघांपैकी एकाला गुठळी पुन्हा होते. म्हणून अशांना, रक्तस्रावाचा धोका कमी असेल तर, पुढेही औषध चालू ठेवतात. ६ महिन्यांनंतर ते कमी डोसवर आणता येतं: एपिक्साबॅन अडीच मिलिग्रॅम दोनदा किंवा रिव्हारोक्साबॅन १० मिलिग्रॅम एकदा.

हृदयात धातूची झडप असेल तर या नव्या गोळ्या (रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन, डाबिगाट्रान, एडोक्साबॅन) चालत नाहीत, तिथे वॉरफेरिनच लागतं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होण्याचा आजार) असलेल्यांनाही, विशेषतः त्याच्या तिन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह असतील तर, वॉरफेरिनच बरं.

हेपॅरिनचं इंजेक्शन घरी कसं घ्यायचं?

घरी सहसा एनॉक्साप्रिन हा हेपॅरिनचा प्रकार घेतात. त्याचा उपचाराचा नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. मूत्रपिंड खूप कमजोर असेल तर दिवसातून एकदाच. बसून किंवा पाठीवर झोपून, बेंबीपासून निदान ५ सेंटिमीटर लांब, पोटाच्या बाजूला चिमटीत कातडी धरायची. सुई सरळ उभी पूर्ण आत घालायची. औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. भरून आलेल्या सिरिंजमधून पूर्ण डोस द्यायचा असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढायला जाऊ नका. तो काढताना औषध सांडतं आणि बुडबुड्याने अपाय होत नाही. नंतर जागा चोळायची नाही, चोळलं की काळानिळा डाग पडतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

वॉरफेरिनवर पालेभाज्या बंद करायच्या का?

बंद करायच्या नाहीत, प्रमाण सारखं ठेवायचं. वॉरफेरिन के जीवनसत्त्वाचं काम अडवतं आणि हिरव्या पालेभाज्यांत ते भरपूर असतं. आठवडाभर अजिबात नाही आणि मग एका दिवशी ताटभर, असं केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) खालीवर होतो. रोज थोडी भाजी खाणाऱ्याचा डोस त्या सवयीला धरून बसतो आणि स्थिर राहतो.

शिरेतल्या गुठळीसाठी आयएनआर २ ते ३ मध्ये हवा. वॉरफेरिनचा पूर्ण परिणाम यायला ५ दिवस तरी लागतात. शिवाय सुरुवातीला ते शरीरातले गुठळीला रोखणारे घटकही कमी करतं. म्हणून निदान ५ दिवस आणि आयएनआर सलग २४ तास २ च्या वर राहीपर्यंत हेपॅरिन सोबत चालू ठेवतात. "दोन्ही कशाला?" म्हणून इंजेक्शन आधीच बंद केल्याने गुठळी वाढल्याचं दिसतं.

नव्या औषधाने आयएनआर बिघडतो हे मनावर ठसवून घ्या. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनाझोल आणि ॲमिओडारोन तो वाढवतात. रिफॅम्पिसिन, फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन कमी करतात. ही शेवटची तीन नव्या गोळ्यांचाही परिणाम मारतात. क्षयरोगाचे किंवा फिटचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा.

डोस चुकला. आता?

एपिक्साबॅन आठवताच घ्या, पुढचा डोस ठरल्या वेळी, दोन एकदम नाही. रिव्हारोक्साबॅन २० मिलिग्रॅम त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. पहिल्या २१ दिवसांत मात्र नियम वेगळा: दिवसाचे ३० मिलिग्रॅम पूर्ण व्हायला हवेत, त्यासाठी १५ च्या दोन गोळ्या एकदम घेतल्या तरी चालतात. वॉरफेरिन त्याच दिवशी आठवलं तर घ्या, दिवस उलटला असेल तर सोडून द्या आणि वहीत नोंद करा.

नव्या गोळ्यांचा परिणाम दिवसभरात ओसरतो. दोन दिवस गोळी नाही म्हणजे दोन दिवस संरक्षण नाही. पाकिटात ७ गोळ्या उरल्या की नवं पाकीट आणा.

अंगदुखीला काय चालतं? रक्तस्राव कधी गंभीर समजायचा?

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि त्या कुळातल्या गोळ्या टाळा. त्या जठराचं अस्तर सोलतात आणि प्लेटलेटही ढिल्या करतात. वॉरफेरिनवर रोज जास्त प्रमाणात पॅरासिटामॉल घेतलं तरी आयएनआर वाढतो, म्हणून दोन-तीन दिवसांच्या पुढे घेणार असाल तर तपासून घ्या.

दात घासताना हिरडीतून थोडं रक्त, हातापायावर छोटे निळे डाग, हे चालतं. काळी डांबरासारखी शौच, उलटीत रक्त, लघवी लाल, १० ते १५ मिनिटं दाबूनही न थांबणारं नाकातलं रक्त, कधी नव्हे असं डोकं दुखणं: लगेच रुग्णालय. डोक्याला मार लागला असेल तर काही त्रास नसतानाही जा. मेंदूभोवतीचं रक्त काही तासांनी साचतं. सोबत गोळीचं पाकीट न्या आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते सांगा, कारण उतारा औषधागणिक वेगळा असतो. वॉरफेरिनला के जीवनसत्त्व आणि गोठण घटक, हेपॅरिनला प्रोटामिन, डाबिगाट्रानला इडारुसिझुमॅब.

दात काढायचाय किंवा ऑपरेशन आहे. गोळी बंद करू का?

स्वतःहून नाही. एखादा दात काढायला सहसा औषध बंद करावं लागत नाही. वॉरफेरिनवर असाल तर आदल्या दिवशी आयएनआर बघतात, नव्या गोळ्यांवर असाल तर त्या सकाळचा डोस काही तास पुढे ढकलतात. खळग्यात टाका, कापसाचा दाब आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधाच्या चुळा एवढ्याने भागतं.

मोठ्या ऑपरेशनला वॉरफेरिन ५ दिवस आधी थांबवतात. नव्या गोळ्या, मूत्रपिंड चांगलं असेल तर, कमी रक्तस्रावाच्या ऑपरेशनआधी १ दिवस आणि जास्त रक्तस्रावाच्या ऑपरेशनआधी २ दिवस. मधल्या काळात हेपॅरिन द्यावंच लागतं असं नाही, बहुतेकांना त्याने रक्तस्रावच वाढतो. गुठळी होऊन ३ महिने झाले नसतील तर टाळता येण्याजोगं ऑपरेशन पुढे ढकला.

स्टेंटच्या (धमनी उघडी ठेवायला आत बसवलेल्या जाळीच्या नळीच्या) गोळ्यांचं प्रकरण याहून नाजूक आहे. झटक्यानंतर स्टेंट बसवला असेल तर प्लेटलेटला आवरणाऱ्या दोन्ही गोळ्या (ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी) साधारण १२ महिने, झटका नसताना बसवला असेल तर साधारण ६ महिने चालतात. पहिल्या काही आठवड्यांत त्या थांबल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन धमनी एकदम बंद पडते. दुसऱ्या कुणी "चार दिवस बंद ठेवा" सांगितलं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.

गुठळी झाल्यावर झोपून राहायचं का?

औषध सुरू झालं की चाला. झोपून राहिल्याने तुकडा सुटायचं टळत नाही, उलट सूज आणि दुखणं लांबतं. बसताना पाय उंच ठेवा. दाब देणारे लांब मोजे सूज आणि जडपणा कमी करायला चांगले, पण पुढचे दुष्परिणाम टाळण्यासाठी सरसकट सगळ्यांनी घालायची गरज नाही. पायाच्या धमनीत अडथळा असेल तर ते घालूच नयेत.

७० टक्के ब्लॉकेज आहे. आज ना उद्या झटका येणारच ना?

असं गणित नसतं. बरेच झटके त्याआधी ७० टक्क्यांहून कमी अरुंद असलेल्या जागी येतात, कारण प्रश्न टोपी फाटण्याचा असतो. अरुंदपणाने चालताना छातीत दाब येतो, फाटण्याने झटका येतो. शिवाय अँजिओग्राफीवरचा आकडा बरेचदा नजरेचा अंदाज असतो. मधल्या आकड्यांवर शंका असेल तर तारेने दाब मोजून बघतात. अडथळ्याच्या पुढचा दाब भागिले मागचा दाब म्हणजे एफएफआर. तो ०.८० किंवा त्याखाली आला तरच तो अडथळा रक्त अडवतोय असं धरतात.

स्थिर आजारात, म्हणजे ठरावीक श्रमांनंतरच दुखतं आणि थांबल्यावर जातं अशा वेळी, स्टेंटने दुखणं कमी होतं. पण औषधांच्या तुलनेत आयुष्य वाढल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' चाचणीचा निष्कर्षही तोच होता. डाव्या मुख्य धमनीतला अडथळा आणि चालू झटका हे अपवाद, तिथे वेळ घालवायचा नाही. टोपी मजबूत करतात ती स्टॅटिनं (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं), रक्तदाबाचं नियंत्रण आणि तंबाखू सोडणं. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) निम्म्याहून खाली आणि ७० मिलिग्रॅमच्या आत आणणं हे किमान लक्ष्य, बरेच डॉक्टर आता ५५ धरतात. रिपोर्टमध्ये आकडा "नॉर्मल" छापला म्हणून स्टॅटिन बंद करू नका, तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय.

झटका येतोय असं वाटलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवू नका. ॲलर्जी नसेल आणि कुठे रक्तस्राव होत नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून घ्या, गिळून परिणामाला उशीर लागतो. जिभेखालची नायट्रेटची गोळी रक्तदाब कमी असताना किंवा २४ तासांत सिल्डेनाफिल (टाडालाफिलसाठी ४८ तास) घेतलं असताना घातक ठरते, ती चाचपडत देऊ नका.

रुग्णालयात ईसीजी १० मिनिटांत व्हायला हवा. अँजिओप्लास्टीची सोय असेल तर दारात पोचल्यापासून ९० मिनिटांत धमनी उघडावी. दोन तासांत ते शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, पहिल्या १२ तासांत आणि जितकं लवकर तितकं चांगलं. पहिला ईसीजी किंवा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला तरी दुखणं चालू असेल तर तपासण्या पुन्हा करायचा आग्रह धरा. स्त्रियांत आणि मधुमेहात छाती फारशी न दुखता नुसती धाप, मळमळ, घाम, जबड्यात किंवा पाठीत कळ असं होतं. त्याला ॲसिडिटी समजून बसणं जिवावर बेततं.

लकवा मारला तर ॲस्पिरिन द्यायची का?

नाही. हृदयाच्या झटक्याच्या उलट. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅन केल्याशिवाय कळत नाही आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन नुकसान करते. पाणीही पाजू नका, गिळणं बिघडलेलं असू शकतं.

माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. सगळे उपचार त्या घड्याळावर चालतात. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर झोपायला गेल्याची वेळ सांगा. विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात. मोठी धमनी बंद असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढतात, सहसा ६ तासांत आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. साखर तपासा, ती खूप कमी झाली तरी लकव्यासारखं दिसतं.

दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी त्याच दिवशी जा. तो इशारा असतो आणि खरा लकवा येण्याची भीती पुढच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असते. नाडी अनियमित असेल तर गुठळी हृदयाच्या डाव्या कप्प्यात जमलेली असू शकते. तिथे ॲस्पिरिन पुरत नाही, शिरेतल्या गुठळीला लागतात त्याच गोळ्या लागतात. धमनी-शीर हा सुरुवातीचा नियम इथे वळण घेतो: गुठळी अडकते धमनीत, पण जमते रेंगाळलेल्या रक्तात.

चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं.

हे पायाच्या धमनीतल्या अडथळ्याचं लक्षण असू शकतं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार करतात. ०.९० किंवा त्याखाली आला तर अडथळा आहे. १.४ च्या वर आला तर धमन्या कॅल्शियमने कडक झाल्यात आणि आकडा फसवा आहे, मधुमेहात हे बरेचदा होतं. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

उपचारांत चालणं हेच पहिलं औषध. दुखणं बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचं, थांबायचं, ओसरलं की पुन्हा. आठवड्यातून तीनदा, ३० ते ४५ मिनिटं, निदान १२ आठवडे. दुखल्याबरोबर थांबणाऱ्यांना फायदा कमी होतो. रात्री झोपेत पाय दुखून खाली सोडावासा वाटत असेल किंवा बोटावरची जखम भरत नसेल तर मात्र रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांकडे त्याच आठवड्यात जा.

आणि पाय एकाएकी दुखू लागला, पांढरा-थंड पडला, बोटं बधिर झाली, हलेनाशी झाली, तर हाताशी साधारण ६ तास आहेत. शेकू नका, उंच ठेवू नका, थेट निघा.

गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर काय वेगळं?

गुठळीचा धोका गरोदरपणात वाढतो आणि बाळंतपणानंतरच्या ६ आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. उपचार एनॉक्साप्रिनसारख्या इंजेक्शनांनी, कारण ते वारेतून बाळाकडे जात नाही. वॉरफेरिन गर्भाला अपाय करतं आणि नव्या गोळ्या टाळतात. स्तनपान करताना मात्र वॉरफेरिन चालतं. आधी गुठळी झालेल्या स्त्रीने इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नये. तांबी आणि फक्त प्रोजेस्टेरॉन असलेले बरेचसे उपाय चालतात, गर्भनिरोधक इंजेक्शनाबद्दल मात्र डॉक्टरांशी बोला.

अनुवंशिक तपासण्यांचं मोठं पॅनेल करून घेऊ का?

बहुतेकांना गरज नाही, कारण निकालाने उपचार बदलत नाहीत. करायच्याच असतील तर वेळ पाळा. ताजी गुठळी असताना, हेपॅरिन चालू असताना किंवा वॉरफेरिनवर असताना प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन या गुठळीला रोखणाऱ्या घटकांचे आकडे खोटे कमी येऊ शकतात आणि नसलेला आजार आयुष्यभर चिकटतो. कारण न सापडलेल्या गुठळीमागे कॅन्सर आहे का, यासाठी नीट विचारपूस, तपासणी, साध्या रक्त चाचण्या आणि वयानुसार लागणाऱ्या तपासण्या पुरतात. सरसकट सगळ्या शरीराचं सीटी नको.

त्वचेखालची शीर दोरीसारखी कडक झालीय.

ती वरवरच्या शिरेतली गुठळी. सोनोग्राफी तरीही करा. लांबी ५ सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर फोंडापॅरिनक्स हे गुठळीविरोधी इंजेक्शन अडीच मिलिग्रॅम रोज, ४५ दिवस. जांघेजवळ, खोल शिरेला मिळते त्या जागेपासून ३ सेंटिमीटरच्या आत आली असेल तर खोल शिरेतल्या गुठळीसारखेच पूर्ण उपचार. लहान असेल तर दाहशामक मलम आणि चालणं.

लांबच्या प्रवासात काय करावं?

चार तासांहून लांब बसणं असेल तर दर तासा-दोन तासांनी उठा. उठता येत नसेल तर टाचा टेकवून पंजे वर, मग पंजे टेकवून टाचा वर, वीसेक वेळा. पोटरीचा स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतो, बसून राहिलं की तोच पंप बंद असतो. ॲस्पिरिन घेऊन बसणं हा त्यावरचा उपाय नाही. आधी गुठळी झालेल्यांनी, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून मोजे किंवा औषध ठरवावं.

वर्ष झालं, तरी संध्याकाळी पाय सुजतो. गुठळी परत झाली का?

बहुधा शिरेतल्या झडपा खराब झाल्याचा परिणाम आहे. रक्त खाली साचतं, पाय जड होतो, घोट्याजवळ कातडी काळपट पडते. सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त हा त्याचा ठसा. मोजे, चालणं, वजन कमी करणं, रात्री पायाखाली उशी आणि घोट्याजवळची त्वचा मऊ ठेवणं, कारण तिथली छोटी भेगसुद्धा महिनोन्महिने न भरणारी जखम होते. सूज रात्रीतून वाढली किंवा नव्याने दुखू लागलं तर पुन्हा सोनोग्राफी. तेव्हा जुन्याशी ताडून बघता यावं म्हणून उपचार संपताना एक सोनोग्राफी करून तिचा रिपोर्ट जपून ठेवा. जुना व्रण आणि नवी गुठळी पडद्यावर बऱ्याच सारख्या दिसतात.